यंत्रासारखा आवाजच बरा

२०२२ साली ॲपलची आयओएस १६ ही प्रणाली आली, तेव्हा बोलबाला झाला तो लॉक स्क्रीनच्या नव्या रूपाचा. अनेक अंध वापरकर्त्यांना मात्र वेगळाच आनंद झाला होता. फोन बोलून दाखवणाऱ्या व्हॉइसओव्हरमध्ये ‘एलोक्वेन्स’ हा आवाज आला होता. गेल्या शतकातला, सपाट, नाकात बोलल्यासारखा आणि ऐकताक्षणी यंत्राचा म्हणून ओळखू येणारा आवाज. माणसासारखे गोड आवाज त्याच फोनमध्ये फुकट असताना याची एवढी ओढ कशासाठी?

सवय, असं उत्तर चटकन दिलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

जॉज, एनव्हीडीए, टॉकबॅक यांसारखे स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर, बटणं, मेनू सगळं बोलून दाखवतात, तेही दिवसभर. साध्या गप्पांच्या वेगानं ऐकत बसलं तर एक ईमेल वाचायलाच बराच वेळ जाईल. म्हणून सराईत माणूस वेग दुप्पट-तिप्पट करून ठेवतो. शेजारी बसलेल्याला ती नुसती किरकिर वाटते. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, सेकंदाला ८ उच्चारी अक्षरांच्या (सिलॅबल) आसपास डोळस श्रोत्यांची समज ढासळू लागते. सराव असलेले काही अंध श्रोते मात्र २२ अक्षरांपर्यंत पोचतात. आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूतला एरवी दृष्टीसाठी राबणारा भागही कामाला लागलेला दिसला.

या वेगात आवाज कसा बनलाय याला महत्त्व येतं. एलोक्वेन्स आणि त्याच्या आधीचा डेकटॉक हे ‘फॉरमंट’ पद्धतीचे. आपल्याला ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे कळतात ते तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या काही ठळक कंपनसंख्यांमुळे. त्यांनाच फॉरमंट म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेनिस क्लॅट यांनी या कंपनांचे नियम बसवले. डेकटॉकचा ‘परफेक्ट पॉल’ त्यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता, पण त्यात ध्वनिमुद्रण नव्हतं, सगळं गणित. वेग वाढवला की यंत्र प्रत्येक ध्वनीचा कालावधी नव्यानं मोजतं: स्वर आखडतं, व्यंजनांच्या कडा शाबूत ठेवतं. ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून केलेला आवाज नुसता दाबला, तर त्या कडा एकमेकींत मिसळतात. न्यूरल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेले आवाज माणसाच्या सहज बोलण्यावरून शिकलेले असतात. त्यांचे श्वास आणि हेलकावे सावकाश ऐकायला छान वाटतात, चौपट वेगात अडचण करतात.

शिवाय कळ दाबल्याबरोबर आवाज फुटला पाहिजे. बाणाची कळ दाबत पन्नास नावांच्या यादीतून खाली सरकणारा माणूस प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर ऐकतो आणि पुढे जातो. तिथे क्षणाचा उशीरही डोक्यात जातो. फॉरमंटचं गणित इतकं हलकं की जुन्या संगणकालाही ते झेपायचं.

आणखी एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. हा आवाज हुशारी करत नाही. तेच स्पेलिंग आलं की तोच उच्चार, शंभर वेळा. एखादं अक्षर चुकून दोनदा पडलं तर ते बहुधा कानाला लगेच खटकतं. प्रुफं तपासणाऱ्याला किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला भावपूर्ण वाचन करणारा नट नको असतो.

अर्थात, सगळे अंध एकाच आवाजावर खूश असतात असं मुळीच नाही. कामाला एक आणि रात्री कादंबरी ऐकायला दुसरा, अशी वाटणी अनेक जण करतात. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बहुधा नैसर्गिक आवाज जवळचा वाटतो. कान थोडे मंद झाले असतील तर खालच्या पट्टीतला आवाज सोयीचा पडतो. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा आवाज तर काहींना असह्य होतो आणि काही त्याच्याशिवाय राहू शकत नाहीत. त्याचे ‘व्हेरियंट’ बदलून पट्टी आणि घोगरेपणा हवा तसा करता येतो.

एलोक्वेन्सला मराठी येत नाही, त्यामुळे आपल्याकडे निवड आधीच आखूड. ईस्पीक मराठी बोलतो, गुगलचा मराठी आवाज त्याहून मऊ आहे. पण आपला मजकूर खिचडी असतो: मराठी वाक्यात मध्येच इंग्रजी फाइलचं नाव. तिथे एक आवाज थांबून दुसरा सुरू झाला की वेगात ऐकणाऱ्याची लय तुटते. म्हणून दोन्ही भाषांना ईस्पीकच ठेवणं काहींना परवडतं, उच्चार थोडे ओबडधोबड असले तरी. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ वेगळे, पण लिपीत ते एकच. यंत्राला ते शिकवावं लागतं. ईस्पीकचं सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे त्याचे मराठी नियम साध्या मजकुराच्या फाइलींत कुणालाही उघडून बघता येतात आणि खटकणारा शब्द तिथे दुरुस्तही करता येतो.