टर्मिनल एडिटरमधील कीमॅपिंग : ‘मॅप’ आणि ‘नोरीमॅप’ यांच्या वादाची पार्श्वभूमी

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या निओव्हिम या टेक्स्ट एडिटरच्या ०.७ या २०२२ सालच्या आवृत्तीत ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेतून कीमॅप (कळ दाबल्यावर काय व्हावे हे ठरवणारी ओळ, थोडक्यात मॅप) लिहिण्यासाठी नवे फंक्शन आले, तेव्हा एका मॅपमधून दुसरा मॅप उलगडण्याची सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. चाळीसहून अधिक वर्षे चालत आलेला डीफॉल्ट तिथे उलटला. हा बदल किरकोळ वाटतो. मात्र शॉर्टकट बिघडल्याच्या कितीतरी तक्रारींचे मूळ त्या जुन्या डीफॉल्टमध्ये सापडते.

निओव्हिमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर १९७६ साली लिहिला गेला, त्या काळी टर्मिनलकडून एडिटरला कळ पोहोचत नसे, फक्त अक्षराचा संकेतांक पोहोचत असे. कंट्रोल दाबले की आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या सात बिटांपैकी वरचे दोन शून्य होत. त्यामुळे ७३ क्रमांकाचे ‘आय’ ९ होई, आणि ९ म्हणजेच टॅब. साहजिकच ‘मॅप’ या आज्ञेचा अर्थही कळेला काम नेमून देणे असा नव्हता, तर आलेल्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे घालणे असा होता. घातलेली अक्षरे पुन्हा इनपुटच्या रांगेत सर्वांत पुढे उभी केली जात आणि वापरणाऱ्यानेच टाइप केल्यासारखी वाचली जात. त्यांत आणखी एखादा मॅप सापडला, तर तोही उलगडे. हे थांबवण्यासाठी व्हीआयमध्ये ‘रीमॅप’ नावाचा पर्याय होता, पण तो सुरुवातीपासून चालू असे आणि बंद केला तर एकूण एक मॅपना लागू होई. प्रत्येक मॅपपुरती वेगळी निवड करण्याची मुभा व्हीआयचा वारसदार असलेल्या व्हिमने ‘नोरीमॅप’ या आज्ञेतून दिली; तिने लिहिलेल्या मॅपमधली अक्षरे पुढे उलगडत नाहीत, मात्र साध्या ‘मॅप’चे वर्तन जुन्या फाइलींच्या सोयीसाठी तसेच ठेवले.

नेमके काय बिघडते, ते एका नेहमीच्या उदाहरणात दिसते. आज्ञा कोलनने सुरू होतात आणि कोलनसाठी दरवेळी शिफ्ट दाबावे लागते, म्हणून अनेक जण नॉर्मल मोडमध्ये (जिथे कळा मजकूर न लिहिता आज्ञा म्हणून वाचल्या जातात) कोलन आणि सेमीकोलन यांची अदलाबदल करतात. दोन्ही ओळी साध्या ‘मॅप’ने लिहिल्या, तर पहिली दुसरीला आणि दुसरी पहिलीला बोलावत राहते, आणि ‘मॅक्समॅपडेप्थ’ची १००० ही मर्यादा गाठल्यावर व्हिम त्रुटी दाखवून थांबतो. ही चूक निदान दिसते तरी. अदलाबदल ‘नोरीमॅप’ने बिनचूक केली, पण फाइल सेव्ह करण्याचा ‘लीडर-डब्ल्यू’ हा शॉर्टकट (वापरणाऱ्याने निवडलेली ‘लीडर’ कळ आणि डब्ल्यू; त्यांच्या जागी कोलन, डब्ल्यू आणि एंटर) आधीच साध्या ‘एनमॅप’ने, म्हणजे नॉर्मल मोडपुरत्या ‘मॅप’ने, लिहिलेला असला, तर त्यातला कोलन आता सेमीकोलन होतो. सेमीकोलन ओळीतला मागचा अक्षरशोध पुन्हा करतो, डब्ल्यू कर्सरला पुढच्या शब्दावर नेतो आणि एंटर त्याला खालच्या ओळीवर उतरवतो. फाइल मात्र सेव्ह झालेलीच नसते आणि त्रुटीचा संदेशही येतोच असे नाही. आज लिहिलेली ओळ बरोबर असते आणि दोष कित्येक महिन्यांपूर्वीच्या ओळीत निघतो. असा दोष शोधणे किती कठीण जाते, हे ज्याने एकदा भोगले आहे त्याला जुन्या डीफॉल्टचे समर्थन पटणे अवघड आहे.

तरीही समर्थनाची बाजू पोकळ नव्हती. प्लगिन, म्हणजे एडिटरला जोडले जाणारे पूरक प्रोग्रॅम, आपले काम ‘प्लग’ या आभासी कळीच्या आडून देऊ करतात आणि वापरणारा आपल्या पसंतीची कळ त्या नावाला जोडतो. ही जोडणी मॅपमधून मॅप उलगडल्याखेरीज चालत नाही. पुढे ‘प्लग’ने सुरू होणारा भाग ‘नोरीमॅप’मध्येही उलगडावा, असा अपवाद करण्यात आला आणि या आक्षेपातला जोर बराच ओसरला.

नावानेही गोंधळात भर घातली आहे. रोजच्या बोलण्यात रीमॅप म्हणजे कळ नव्याने नेमणे. म्हणून ‘नोरीमॅप’ केलेली कळ पुन्हा बदलता येत नाही, असा नवख्यांचा समज होतो. प्रत्यक्षात या शब्दाचा संबंध केवळ मॅपच्या उजव्या बाजूच्या, म्हणजे कळीच्या जागी घातल्या जाणाऱ्या अक्षरांशी आहे. निओव्हिमच्या नव्या फंक्शनला ‘नोरीमॅप’ वेगळे सांगण्याची गरज नाही, तरी असंख्य कॉन्फिगरेशन फाइलींत ते सवयीने लिहिलेले आढळते.

टॅब आणि कंट्रोल-आय यांचा जुना गुंता ‘नोरीमॅप’ने सुटणारा नव्हता, कारण दोन्ही कळींचा संकेतांकच एक होता. टर्मिनलने त्या वेगळ्या पाठवल्या, तर निओव्हिम ०.७ पासून त्यांना वेगळे ओळखतो. मात्र जुन्या फाइली मोडू नयेत म्हणून एकीला दिलेला मॅप दुसरीलाही लागू होतो, आणि दुसरीला स्वतःचा मॅप मिळेपर्यंत तो तसाच राहतो.