झुडपी बेडकांची ओळख : बरणीतून रानाकडे

पावसाळ्यात रात्री सह्याद्रीतल्या झुडपांतून टिकटिक असा आवाज सतत येत असतो. तो काढणारे झुडपी बेडकांचे नर बहुतेक वेळा तीन सेंटिमीटरपेक्षाही लहान असतात. बोटांच्या टोकांवरच्या चकत्यांच्या आधाराने ते पानाला चिकटून बसतात. त्यांची जात ओळखणे मात्र फार अवघड, कारण एकाच जातीत तपकिरी, पिवळट, पट्टे असलेले आणि नसलेले असे कितीतरी नमुने दिसतात.

सुरुवातीचे अभ्यासक मद्यार्कात ठेवलेल्या बेडकांवरच विसंबून होते. मद्यार्कात रंग उडतो आणि आवाज तर कधीच नोंदला जात नसे. ब्रिटिश म्युझियमचे प्राणिशास्त्रज्ञ ग्युंथर यांनी 1876 साली पांढऱ्या ठिपक्यांच्या झुडपी बेडकाचे वर्णन केले. ठिकाण काय, तर 'त्रावणकोर'. एवढ्या मोठ्या संस्थानात नखाएवढा प्राणी शोधायचा कुठे? शतकाहून अधिक काळ तो कोणाला दिसला नाही. तो पुन्हा सापडल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले. पुढच्या निरीक्षणांतून कळले, की तो जिवंत बांबूच्या पेरातल्या छोट्या भोकातून आत शिरतो, अंडी तिथेच असतात आणि नर त्यांची राखण करतो. हे अधिवासाचे ज्ञान आधी असते, तर शोध नक्कीच सोपा झाला असता.

प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांचे 1919 मधले काम त्या मानाने नेमके. 'बॉम्बेएन्सिस' हे नाव दिलेल्या त्यांच्या बेडकाचे ठिकाण कर्नाटकातले कॅसलरॉक असे स्पष्ट नोंदलेले आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले सी. आर. नारायण राव यांनी 1937 मध्ये दक्षिणेतल्या अनेक बेडकांची वर्णने छापली, पण त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. ताडून पाहायला काही उरले नाही, ही हानी आजही जाणवते. 2010 मध्ये झुडपी बेडकांच्या या गटाला राव यांच्या स्मरणार्थ 'राऑर्चेस्टिस' हे नाव मिळाले.

या गटाला डबके लागत नाही. अंड्यातून थेट पिल्लू बेडूकच बाहेर येते, त्यामुळे ओलसर पालापाचोळा आणि दाट झुडपे एवढ्यावर त्यांचे भागते. डोंगरामागून डोंगर वेगळ्या जाती का, याचे उत्तर बऱ्याच अंशी दऱ्यांनी तुटलेल्या या उंच वस्त्यांत आहे.

गेल्या काही दशकांत जनुकीय तुलना आणि ध्वनिमुद्रण यांची जोड मिळाली. 2013 मध्ये महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातून 'घाटेई' या जातीचे वर्णन झाले. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांच्यावरून हे नाव दिले. 2014 मध्ये पश्चिम घाटातल्या आणखी नऊ जाती एकाच शोधनिबंधात आल्या. म्हणून नुसत्या छायाचित्रावरून नाव सांगणे मला घाईचे वाटते. गाव, उंची, झाडी आणि आवाज यांची नोंद सोबत हवीच.