मेक आणि मेकफाइल

मेक हे कमांड लाइनवर चालणारं बिल्ड टूल आहे, म्हणजे सोर्स कोडच्या पाच-पन्नास फाइल्सपैकी नेमकी कुठली परत कंपाइल करायची आणि कुठली तशीच ठेवायची हे ठरवून कंपायलरला (कोडचं मशीनला कळणाऱ्या भाषेत रूपांतर, म्हणजे कंपाइल, करणारा प्रोग्रॅम) कामाला लावणारा मुकादम. मेक स्वतः एकही ओळ कंपाइल करत नाही. हे डोक्यात नसलं की एरर कोणाचा आणि आपण शिव्या कोणाला घालतोय याचा पत्ताच लागत नाही.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये मेक लिहिलं. झालं असं की त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन (याक हे पार्सर बनवणारं टूल लिहिणारे तेच) वैतागून त्यांच्याकडे आले, अख्खी सकाळ एका बगमागे घालवली होती आणि शेवटी कळलं की बग कधीच दुरुस्त झालाय, फक्त ती फाइल परत कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमनांची आदली संध्याकाळही तसल्याच भानगडीत गेली होती, म्हणून मग त्यांनी हे काम मशीनवरच टाकायचं ठरवलं. त्यासाठी त्यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्डही मिळाला. आज लिनक्सवर जे असतं ते ग्नू मेक, रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅकग्राथ यांनी लिहिलेलं.

मेकफाइल म्हणजे मेकसाठी नियम लिहिलेली साधी फाइल, आणि तिच्यातला प्रत्येक नियम तीन गोष्टी सांगतो: काय बनवायचंय, ते कशावर अवलंबून आहे, आणि कुठली कमांड चालवायची. पोळीला कणीक आणि पुरण लागतं, पुरणाला डाळ आणि गूळ, तसंच. मेक फक्त फाइल्सच्या तारखा बघतं, डाळ पुरणापेक्षा नवी दिसली की पुरण परत शिजवायचं, नाहीतर हात लावायचा नाही. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. उबुंटू किंवा डेबियनवर ॲप्ट या पॅकेज टाकायच्या कमांडने बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं की जीसीसी आणि जी++ हे कंपायलर, मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स (लायब्ररीत कुठली फंक्शन्स आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या, डॉट एच नावाच्या) एकदमच येतात. मॅकवर टर्मिनलमध्ये एक्सकोड-सिलेक्ट मायनस मायनस इन्स्टॉल, आणि मॅकओएसचं मोठं अपडेट झाल्यावर 'इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ' असं ओरडायला लागलं तर बहुतेक वेळा हीच कमांड परत मारायची. मॅकवालं मेक मात्र ३.८१ म्हणजे २००६ सालचं आहे, त्यामुळे लिनक्सवर चाललेली मेकफाइल तिथे अडू शकते. विंडोजवर सरळ डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घ्यावं, बाकीच्या वाटांनी जायची हौस असेल तर जा बापडे.

खरी मजा एररची. शेवटी येणारी 'एरर १' किंवा 'एरर २' वाली ओळ लोक कॉपी करून सर्च करतात आणि तिचा काडीचाही उपयोग नसतो, कारण ती मेकने दिलेली नुसती वर्दी असते की मी ज्याला काम सांगितलं तो पडला. पडला का, हे वर स्क्रोल करून पहिल्या एररमध्ये वाचायचं. 'मिसिंग सेपरेटर' आला तर तो मात्र मेकचा स्वतःचा, आणि जवळजवळ नेहमी टॅबच्या जागी स्पेस पडल्यात, पीडीएफमधून मेकफाइल चिकटवली की हे हमखास होतं. टॅबची ही सक्ती फेल्डमनांनाही नंतर खटकली, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइल्स मोडायला नकोत म्हणून राहू दिली, ती आजतागायत आहे. 'एरर १२७' म्हणजे शेलला कमांडच सापडली नाही, टूल टाकलेलं नाही किंवा पाथमध्ये नाही. कुठलीतरी डॉट एच फाइल सापडत नाही अशी बोंब असेल तर ती कंपायलरची, तिथे लायब्ररी आहे पण तिच्या हेडर फाइल्सचं वेगळं डेव्ह पॅकेज नाही असं बरेचदा असतं, ओपनएसएसएलसाठी उबुंटूवर लिबएसएसएल-डेव्ह लागतं. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' लिंकरचा, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्याचा, सगळं कंपाइल झालंय पण फंक्शनचा कोड कुठल्या लायब्ररीत आहे ते सांगायचं राहिलंय, वर्गमूळ काढायचं म्हणून मॅथ लायब्ररी वापरली आणि शेवटी मायनस एलएम लावलंच नाही, हे तर सगळ्यांनीच केलेलं असतं. मेकला मायनस जे आणि पुढे आकडा देऊन एकाच वेळी बरीच कामं चालवता येतात, पण कमी रॅमच्या मशीनवर मोठा आकडा दिला तर मेमरी संपते, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपायलरलाच मारून टाकतं आणि स्क्रीनवर नुसतं 'किल्ड' दिसतं.

आणि तारखांचा एक किस्सा. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका जुन्या पीसीवर कोडमध्ये काहीही बदल केला तरी आउटपुट कालचंच यायचं, मेक म्हणायचं 'अप टू डेट', वर 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी वॉर्निंग पण दाखवायचं जी अर्थातच कोणी वाचत नव्हतं. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, रात्री लाइट बंद झाली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं, त्यामुळे आज लिहिलेली फाइल कालच्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलपेक्षा) जुनी ठरायची. सेल बदलेपर्यंत त्या पीसीवर बसणारा प्रत्येक जण आधी मेक क्लीन मारायचा, म्हणजे बनलेल्या जुन्या फाइल्स पुसून टाकायचा.