सामन्याला निघताय? एसटीच्या सवलती, प्रासंगिक करार आणि सोबत ठेवायचे कागद

दिवाळी सरली की कोकणात कबड्डीची मैदानं आखली जातात आणि मे संपेपर्यंत सामने चालू राहतात. वाडीतला संघ जिल्ह्याच्या मैदानावर उतरणार असला की तरुण पोरं दुचाक्या काढतात आणि निघतात. घरी राहतात त्या खेळाडूंच्या आया, आज्या-आजोबा आणि चालायला त्रास असलेली माणसं. एसटीच्या सगळ्यात मोठ्या सवलती नेमक्या याच माणसांसाठी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना कसलाही अर्ज करावा लागत नाही. त्यांना मैदानापर्यंत न्यायची जबाबदारी जे घेतील, त्यांच्यासाठी ही माहिती.

पहिल्यांदा परतीचं ठरवा. सकाळी जायला गाडी मिळतेच. खरी अडचण रात्रीची. गावात मुक्कामाला जाणारी वस्तीची गाडी संध्याकाळी स्थानकातून सुटते आणि प्रकाशझोतातला अंतिम सामना तेव्हा सुरूही झालेला नसतो. म्हणून दिवसाचे सामने असतील तर नेहमीच्या गाडीने जा, सवलतीचं तिकीट काढा. रात्रीचा सामना असेल आणि वाडीतली बरीच माणसं निघणार असतील तर आगारातून अख्खी गाडीच ठरवा.

नेहमीच्या गाडीने जाताना

महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. पास नाही, अर्ज नाही. वाहकाकडे तिकीट मागायचं एवढंच. आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार मात्र पूर्ण भरावा लागतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलामुलींना अर्धं तिकीट, पाचच्या आतल्यांना तिकीट नाही.

वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. मोफत असला तरी शून्य रकमेचं तिकीट वाहकाकडून घ्यायचंच. आजोबा ओळखीचे असले तरी ते तिकीट हातात हवं. ६५ ते ७५ या वयात साध्या गाडीत निम्मं भाडं पडतं. या दोन्हींसाठी वयाचा पुरावा लागतो: आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, पारपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक. डिजीलॉकरमधलं किंवा एम-आधारमधलं ओळखपत्रही चालतं. तरी माझं म्हणणं, म्हाताऱ्या माणसांच्या पिशवीत मूळ कार्डच द्या. घाटात नेटवर्क जातं आणि फोन नातवाकडे असतो, नातू पुढच्या गाडीने गेलेला.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. ७५ वर्षांवरच्यांची मोफत सवलत शहरी गाड्यांना लागू नाही, त्यामुळे स्थानकापासून मैदानापर्यंत शहर बस घेतली तर तिकीट काढावं लागेल. शिवाय या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. सावंतवाडीहून फुटबॉल बघायला मडगावच्या फातोर्डा मैदानावर जाणाऱ्यांना बांद्याच्या पुढचं, गोव्यातलं भाडं पूर्ण पडतं.

दिव्यांग प्रेक्षकांसाठी

किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर साध्या गाडीत ७५ टक्के सवलत मिळते. प्रमाण ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या एका माणसालाही निम्मं तिकीट पडतं. त्यासाठी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, जवळ हवं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं आणि बोलावतील त्या दिवशी तिथे जायचं. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. तेव्हा येत्या रविवारच्या सामन्यासाठी हे कार्ड हातात पडणार नाही, पण पुढच्या हंगामासाठी अर्ज आजच भरा. घरातलं माणूस वर्षानुवर्षं पूर्ण भाडं भरत राहतं, कारण अर्ज भरायला कुणी सोबत बसत नाही. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने अर्धा दिवस दिला तर वाडीतले सगळे अर्ज उरकतात.

आयोजकांना आधी फोन करून विचारा की चाकाची खुर्ची कुठून आत जाईल आणि कुठे थांबेल. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. संकोच धरायचं काही कारण नाही.

अख्खी गाडी ठरवायची तर

एसटीत याला प्रासंगिक करार म्हणतात. जवळच्या आगारात जाऊन आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्यायचा. मंडळाचं पत्र असेल तर उत्तम, नाहीतर एका जबाबदार माणसाच्या नावाने साधा अर्ज. त्यात प्रवासाची तारीख, गाडी कुठे आणि किती वाजता हवी, मार्ग, मैदानाचं ठिकाण, परत निघायची अंदाजे वेळ, माणसांची संख्या आणि संपर्काचा नंबर लिहा. सोबत अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत. अंदाजे भाडं आगाऊ भरून पावती घ्यायची. शेवटचा हिशेब प्रत्यक्ष प्रवासानंतर होतो.

अर्ज देतानाच तीन गोष्टी विचारून घ्या. गाडी आगारातून वाडीपर्यंत येण्याचे किलोमीटर कसे धरणार, मैदानावर थांबण्याचा आकार किती, आणि सामना लांबला तर वाढीव वेळेचं काय. वर्गणी ठरवायच्या आधी ही उत्तरं हातात हवीत, नाहीतर परतीच्या वाटेत गाडीतच पैसे गोळा करायची वेळ येते. करारात भाडं गाडीचं असतं, माणशी तिकीट नसतं. त्यामुळे वर सांगितलेल्या वैयक्तिक सवलती इथे मोजल्या जात नाहीत. म्हणून गाडी भरली तरच परवडते. शिमगा, गणपती आणि लग्नसराईत आगारात गाड्यांची ओढाताण असते, तेव्हा अर्ज शक्य तितका आधी टाका.

स्वस्त पडतं म्हणून माणसं टेम्पोत भरून नेऊ नका. मालवाहू गाडीतून प्रवासी नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर हौद्यात बसलेल्यांना त्या गाडीच्या विम्याचं संरक्षण नसतं. घाटातल्या अंधाऱ्या वळणावर चाळीस जिवांची हमी कुणी द्यायची? गाडीचं भाडं जास्त वाटलं तर माणशी थोडी वर्गणी वाढवा, पण टेम्पो नको.

रेल्वेने येणारे

कोकण रेल्वेला ज्येष्ठांची सवलत नाही. मार्च २०२० मध्ये थांबली ती पुन्हा सुरू झालेली नाही. महिलांनाही एसटीसारखं निम्मं तिकीट नाही. २०० किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट त्याच दिवशी काढा आणि तीन तासांच्या आत प्रवास सुरू करा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात आणि वेळा बदलतात, तेव्हा जून ते ऑक्टोबर नेहमीची वेळ गृहीत धरू नका.

रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. शहरात येताना आधी मारुती मंदिर लागतं, एसटी स्थानक नंतर. छत्रपती शिवाजी स्टेडियम मारुती मंदिरालाच आहे, म्हणून स्थानकापर्यंत जाऊन उलटं येऊ नका, मारुती मंदिरालाच उतरा. सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा क्रीडा संकुलासाठी ओरोसजवळचं सिंधुदुर्ग स्टेशन सोयीचं, मात्र सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. थांबा नसेल तर कणकवली किंवा कुडाळला उतरून एसटी धरायची. डेरवणच्या संकुलासाठी सावर्डे.

मैदानावर पोहोचल्यावर परतीची जागा आणि वेळ लगेच ठरवून सगळ्यांना सांगा. हरवलेल्या माणसाचं नाव माइकवरून पुकारता येईल या भरवशावर राहू नका. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. खास परवानगी नसेल तर दहाला माइक बंद होतो, आणि अंतिम सामन्याची गर्दी त्यानंतरच फुटते. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात गाडीच्या नंबराची आणि सोबतच्या माणसाच्या फोनची चिठ्ठी निघतानाच घाला.