द्विशिक्षकी शाळा

द्विशिक्षकी शाळा म्हणजे दोनच शिक्षक असलेली प्राथमिक शाळा, पहिली ते चौथीपर्यंतची, काही ठिकाणी पाचवीपर्यंतची. महाराष्ट्रात वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे अशा ठिकाणच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक याच प्रकारच्या असतात. खोल्या दोन, एक गुरुजी आणि एक बाई (किंवा दोघी बाई), आणि वर्ग मात्र चार, म्हणजे एका खोलीत एकाच वेळी दोन इयत्ता बसलेल्या, आणि एक शिक्षक रजेवर असला की चारही. शिक्षण खात्याच्या भाषेत याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. बाहेरच्यांना ही फक्त अडचण वाटते, पण अशी शाळा नीट चालवली तर दुसरीतलं पोरगं कान देऊन चौथीचा धडा ऐकतं आणि चौथीतली पोरगी पहिलीच्याला वाचायला शिकवते, आणि ही गोष्ट एका वर्गाला एक शिक्षक असलेल्या मोठ्या शाळेत सहजासहजी होत नाही.

हा प्रकार आला कुठून? पूर्वी खेड्यातल्या कितीतरी शाळा एकशिक्षकी होत्या, मास्तर आजारी पडले की शाळा बंद. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खडू-फळा मोहीम सुरू झाली, तिच्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई, असं ठरलं. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (लागू १ एप्रिल २०१० पासून) पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत (पट म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या) दोन शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तरच, त्यामुळे इथे दोघांपैकी जो सीनियर तोच मुख्याध्यापकाचं काम बघतो आणि वर्गही घेतो.

वर्ग कसे वाटून घ्यायचे हा जूनमधला पहिला प्रश्न. सरळ वाटणी म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. पण पहिलीच्या पोरांना सतत शिक्षक जवळ लागतो, ती स्वतः वाचून काही करू शकत नाहीत, म्हणून काही शाळा पहिलीला मुद्दाम तिसरी किंवा चौथी जोडतात, म्हणजे मोठी पोरं थोडा वेळ आपली आपण बसू शकतात. मग तासाचं गणित असं बसतं की एका इयत्तेला थेट शिकवायचं, तेवढ्यात जोडीच्या इयत्तेला स्वयंअध्ययन द्यायचं, मग अदलाबदल. हे स्वयंअध्ययन म्हणजे नुसतं "धडा दहा वेळा लिहा" असं असेल तर पोरं कंटाळतात आणि गोंधळ सुरू होतो, म्हणून चांगले शिक्षक आदल्या दिवशी कार्डं तयार ठेवतात, गटप्रमुख नेमतात, एकमेकांना शिकवणाऱ्या मुलांच्या, म्हणजे विषयमित्रांच्या, जोड्या लावतात. खरं तर द्विशिक्षकी शाळेत शिकवण्याइतकीच मेहनत या तयारीची असते आणि तपासणीच्या वेळी तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, दिनविशेष, सुविचार, बातम्या, पाढे. सगळ्या इयत्ता एकत्र उभ्या असतात आणि रोज वेगळ्या मुलांची पाळी असते, त्यामुळे जूनमध्ये तोंड न उघडणारं पोर दिवाळीनंतर माईकशिवाय सगळ्यांसमोर बातमी वाचतं. उद्देशिका पहिलीच्या पोरांनाही ऐकून ऐकून पाठ होते, अर्थ कळायला पुढे वेळ आहेच.

पहिलीचं काम सगळ्यात नाजूक. काही मुलं अंगणवाडीतून आलेली, काही स्थलांतरामुळे मध्येच येणारी, आणि घरची भाषा पावरी, कोरकू, गोंडी, वारली, गोरमाटी अशी कुठलीही असू शकते. पुस्तकातली मराठी त्यांना परकीच असते, म्हणून आधी पोरांच्या बोलीतले शब्द गोळा करून त्यावर गप्पा, गाणी, चित्रं, आणि मग वाचन. वाचनही आता "अ अननसाचा"पासून क्रमाने घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरी मात्रा घेऊन लगेच शब्द बनवायला लावतात, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत पोराला काहीतरी खरं वाचल्याचा आनंद मिळतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने मॅक्सिन बर्नसन यांच्या पुढाकाराने मराठी वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं मोलाचं काम केलंय. भिंतीच्या खालच्या भागात पोरांच्या उंचीला काळा रंग देऊन तळफळे केलेले असतात, तिथे प्रत्येकाची आपली जागा, चुकलं की हाताने पुसायचं आणि परत लिहायचं. वहीत चुकायची भीती वाटते तशी तळफळ्यावर वाटत नाही.

गणितात चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं आणि शंभर मण्यांची माळ, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. दुसरीत काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक समजतं आणि मग हातच्याची बेरीज. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "एकवीस"सोबत "वीस एक" असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. वाद घालणाऱ्यांचं भाषेवरचं प्रेम खरं होतं, पण ज्यांनी सत्तावन्न ऐकून पंचाहत्तर लिहिणारं पोर रोज बघितलंय त्या शिक्षकांना ती अडचण काय आहे हे बरोबर कळलं होतं.

तिसरीपासून परिसर अभ्यास सुरू होतो, आणि माझ्या मते लहान शाळेचं खरं बळ इथे दिसतं. बालभारतीचं (स्थापना १९६७, पुणे) तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं, नंदुरबारच्या पोराला नंदुरबार आणि सिंधुदुर्गच्या पोराला सिंधुदुर्ग. पुस्तकात जिल्हा आहे आणि खिडकीबाहेर गाव आहे. विहीर, ओढा, ग्रामपंचायत, दूध डेअरी, रेशन दुकान सगळं चालत जाऊन बघण्यासारखं, त्यासाठी सहलीची बस लागत नाही. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास, १९७० पासून पिढ्यानपिढ्या घरोघरी आठवणीत राहिलेलं पुस्तक, आणि ते वाचून पोरं दिवाळीत नुसता मातीचा ढीग करत नाहीत, माची कुठे, बुरूज कुठे, पाण्याचं टाकं कुठे यावर भांडतात. इंग्रजी २००० पासून पहिलीलाच आहे, गाणी, सूचना आणि चित्रांवरचे शब्द इथून सुरुवात.

दोन-तीन वर्ग एकत्र असताना एकच विषय वेगवेगळ्या पातळीवर घेणं ही सगळ्यात उपयोगी युक्ती. पावसाचंच घ्या. पहिलीचे चित्र काढून त्याखाली "पाऊस", "ढग", "छत्री" लिहितात, दुसरीचे दोन-चार वाक्यं, तिसरीचे गावातलं पाणी कुठून कुठे वाहतं याचा नकाशा, आणि चौथीचे अंगणात सरळ बाजूचा डबा ठेवून रोज पट्टीने पाणी मोजतात आणि आठवड्याचा तक्ता करतात. शेवटी सगळे एकमेकांना दाखवतात. शिक्षकाने एकदाच नीट तयारी केली की चारही इयत्तांचा दिवस भरतो. बालबाजारही असाच, पोरं घरून भाजी, शेंगा, भजी, लिंबू सरबत आणून विकतात, मोठी सुट्टे पैसे मोजतात, छोटी ओरडून गिऱ्हाईक बोलावतात, आणि जी वजाबाकी फळ्यावर चुकते ती इथे चुकत नाही.

दुपारचं जेवणही शिकण्यात धरायला हवं. १९९५ ला सुरू झालेली आणि २०२१ पासून पीएम पोषण या नावाने चालणारी योजना पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य देते. मग आज ३८ पोरं आली तर तांदूळ किती काढायचा, हे गणित तिसरी-चौथीची मुलं स्वयंपाकाच्या मावशींना करून देतात. शाळेची परसबाग असेल तर तिथली मेथी, पालक, टोमॅटो भाजीत पडतात.

मूल्यमापनात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष पद्धत आहे, आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) असे दोन भाग. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, म्हणजे वर्षभराचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, कृती याला लेखी पेपरपेक्षा जास्त वजन. ही पद्धत लहान शाळेला फार शोभते कारण चाळीस पोरांच्या शाळेत प्रत्येकाचं घर, भावंडं, आजारपण शिक्षकाला माहीत असतं. फक्त नोंदींचे कागद मात्र एवढे झालेत की निरीक्षणापेक्षा लिहिण्यात वेळ जातो.

महाराष्ट्रात याच्या मागे जुनी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत, आणि तिथे वयाने लहान-मोठी मुलं एकत्रच शिकत. कोल्हापूरला लीला पाटील यांचं सृजन आनंद विद्यालय १९८५ चं. अलीकडे साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असे, वर्ग उभे केले आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

पण याचा अर्थ दोन शिक्षक पुरेत असा काढू नये. ऑनलाइन माहिती भरणं, ट्रेनिंग, केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद, मतदार यादीचं काम यात एक जण बाहेर गेला की दुसऱ्यावर चारही वर्ग पडतात, आणि त्या दिवशी शिकवणं मागे पडून पोरं सांभाळणंच होतं. कायद्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट आहे, आणि निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर काही ना काही चालूच असतं.

दुसरा धोका शाळाच जाण्याचा. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले गेले, पालक आणि शिक्षक संघटनांनी जोरात विरोध केला. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, लायब्ररी, मैदान मिळेल हा मुद्दा खोटा नाही. पण पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी हा नियम सहा वर्षांच्या पायांचा विचार करून झालाय, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी वस्तीपर्यंत येत नाही. तेव्हा सगळ्यात आधी घरी बसवली जाते ती मुलगी, त्यामुळे वस्तीवरची शाळा बंद करायची असेल तर आधी तिथल्या आयांना विचारावं, कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेतच.