पंजा लढवणे : स्पर्धेतील पहिला प्रवेश

पंजा लढवणे : समोरासमोरच्या दोन व्यक्तींनी एकेक कोपर टेबलावर टेकवून, परस्परांचा पंजा धरून, प्रतिस्पर्ध्याचा हात आडवा पाडण्याचा बलक्रीडाप्रकार. घरी, वसतिगृहात, जत्रेत चालणारा पंजा वाचकांच्या परिचयाचा असल्याने त्याचे वर्णन येथे केलेले नाही. या नोंदीचा विषय त्याचे स्पर्धात्मक रूप आणि विशेषतः नवखा माणूस त्या रूपाकडे कसा येतो, हा आहे.

संज्ञा : मराठीत ‘पंजा लढवणे’ हा प्रयोग सर्वत्र रूढ आहे. ‘हातकुस्ती’, ‘मनगटकुस्ती’ असे शब्द अधूनमधून वापरले जातात, पण पहिला फार मोघम आहे आणि दुसरा मनगटापुरताच मर्यादित राहतो. मल्याळममध्ये या खेळाला ‘पंचगुस्ती’ म्हणतात. ‘पंजा’ हा शब्द फार्सी ‘पंज’ म्हणजे पाच यावरून आला. पाच बोटांचा तो पंजा.

या शब्दामुळे उत्पत्तीच्या चर्चेत एक घोळ शिरला आहे आणि त्याकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. उत्तर हिंदुस्थानात ‘पंजाकशी’ नावाचा शक्तीचा खेळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दिल्लीचे नामांकित नस्तालीक (फार्सी-उर्दू लिपीची एक वळणशैली) सुलेखनकार सय्यद मुहम्मद अमीर रिझवी हे ‘मीर पंजाकश’ म्हणूनच ओळखले जात. या खेळातील प्रावीण्यामुळे त्यांना हे नाव मिळाले, असे सांगितले जाते. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा अंत झाला. बोरूने नाजूक वळणे काढणारा हात पंजाकशीतही भल्याभल्यांना भारी पडावा, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. बोटांची पकड आणि मनगटाचा ताबा दोन्हीकडे लागतो. मात्र पंजाकशीत बोटांत बोटे गुंतवून समोरच्याचे मनगट पिरगाळण्यावर भर असे. आजच्या स्पर्धेत बोटे गुंतवायची नसतात. तळहाताला तळहात भिडवून अंगठ्याभोवती पकड घ्यायची असते, आणि कोपर ठरलेल्या जागेवरून उचलायचे नसते. म्हणून पंजाकशीला आजच्या खेळाची जननी म्हणण्यापेक्षा, तिचे नाव या खेळाला चिकटले असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

इजिप्तविषयीचा दावा याहून कच्चा आहे. इ.स.पू. सुमारे २००० च्या आसपास इजिप्तमध्ये पंजा लढवत असत, असे विधान अनेक ठिकाणी उतरवले गेले आहे. त्या काळातील बेनी हसन येथील थडग्यांच्या भिंतींवर मल्लांच्या जोड्यांची शेकडो चित्रे आहेत हे खरे, पण ती अंगाला अंग भिडवून केलेल्या कुस्तीची आहेत. जपानचा पुरावा अधिक विश्वसनीय आहे. तेथे या खेळाला ‘उदेझुमो’ (हाताची सुमो) म्हणतात, आणि एदो काळातील काष्ठमुद्रित चित्रांत तो दिसतो. अमेरिकेत पूर्वी ‘इंडियन रेसलिंग’ म्हणत. त्यातील ‘इंडियन’ म्हणजे तेथील मूळ रहिवासी. भारताशी त्याचा संबंध नाही. एकंदरीत, टेबल आणि मोकळा वेळ असेल तेथे हा खेळ स्वतंत्रपणे निर्माण झाला असावा, हे मत ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

स्पर्धेचा आरंभ : संघटित स्पर्धेचा धागा मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. तो कॅलिफोर्नियातील पेटालुमा या छोट्या गावी सापडतो. तेथील वृत्तपत्रात स्तंभ लिहिणारे बिल सोबेरानेस यांनी १९५२ च्या सुमारास गिलार्डी यांच्या मद्यालयातील पैजेच्या लढतींना सार्वजनिक स्पर्धेचे रूप दिले. पुढे १९६२ मध्ये डेव्ह देव्होटो यांच्या साथीने तिला ‘जागतिक’ असे नाव मिळाले, आणि १९६९ पासून एबीसी वाहिनीने ती अमेरिकेतील घराघरांत पोहोचवली. पेटालुमाच्या पद्धतीत दोघे आपले मोकळे हातही परस्परांत धरत. आज त्याच हाताने टेबलावरची खुंटी धरतात. या गावाच्या कीर्तीत एका व्यंगचित्राचाही वाटा आहे. जवळच राहणाऱ्या चार्ल्स शुल्झ यांनी १९६८ मध्ये आपल्या चित्रमालिकेतील स्नूपी या कुत्र्याला या स्पर्धेसाठी पेटालुमाला पाठवले. पण अंगठ्याला अंगठा अडकवायचा हा नियम, आणि स्नूपीला अंगठाच नाही, म्हणून तो बाद ठरला. पकडीत अंगठ्याचे स्थान काय, हे अनेक वाचकांना प्रथम कळले ते बहुधा येथेच.

पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे बॉब ओ'लिअरी यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेली संघटना ही दुसरी शाखा. जागतिक संघटनेच्या (वर्ल्ड आर्मरेसलिंग फेडरेशन) स्पर्धांची परंपरा सामान्यतः १९७९ मधील कॅनडातील वेटास्किविन येथील स्पर्धेपासून मोजतात. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्या ‘ओव्हर द टॉप’ या चित्रपटाने या खेळाकडे तरुणांचा मोठा ओघ आणला. त्या निमित्ताने घेतलेल्या खऱ्या स्पर्धेत विजयी झालेले जॉन ब्रझेंक पुढे या खेळाचे सर्वांत मान्यवर खेळाडू ठरले. त्यांची वाट मात्र पडद्यावरून आली नव्हती. वडील पंजा लढवत, त्यांच्यामागून मुलगा टेबलाशी उभा राहिला. पुढे विमान कंपनीत मेकॅनिकची नोकरी सांभाळून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ हा खेळ खेळला. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, त्यामुळे जगभर बहुतेकांची कहाणी अशीच असते : दिवसा नोकरी किंवा शेती, संध्याकाळी टेबल.

प्रवेशाच्या वाटा : नवखा माणूस या खेळात येतो तो बहुधा एका चुकीच्या समजुतीसह. वर्गात, कंपनीच्या उपाहारगृहात किंवा गावच्या पारावर तो सगळ्यांना हरवत आलेला असतो, आणि आपला दंड जाड आहे म्हणून आपण जिंकतो असे त्याला वाटत असते. पहिल्यांदा सरावाच्या टेबलाशी गेल्यावर त्याच्याहून दहा-पंधरा किलो हलका माणूस त्याला पाडतो. येथे जे घडते ते जवळून पाहण्यासारखे असते. हलका माणूस हात आडवा ढकलतच नाही. तो आधी आपला पंजा समोरच्याच्या बोटांच्या टोकांकडे सरकवतो, स्वतःचे मनगट आत वळवतो आणि कोपर न हलवता हात आपल्या छातीकडे ओढतो. नवख्याची बोटे उघडतात, मनगट मागे झुकते, आणि दंडात जोर शिल्लक असूनही तो लावायला जागाच उरत नाही. या एका अनुभवानंतर काही जण परत येत नाहीत. जे दुसऱ्या दिवशी येऊन ‘हे कसं केलंत?’ विचारतात, ते टिकतात. प्रस्तुत नोंदकाराच्या पाहण्यात, या खेळातला खरा प्रवेश हाच.

तालमीतून, व्यायामशाळेतून, सैन्यातून आणि कबड्डी-कुस्तीसारख्या खेळांतून माणसे येतात. कुस्तीगिरांना पकडीची ओळख आधीपासून असते, पण पाय आणि कंबर वापरण्याची सवय त्यांना कोपर उचलण्याच्या चुकीकडे नेते. वजन उचलणाऱ्यांचा दंड तयार असतो, मनगट आणि बोटे मागे असतात. दूध काढणारे, लोहारकाम वा बांधकाम करणारे, दोरखंड ओढणारे यांची बोटे पहिल्याच दिवशी वेगळी जाणवतात. अलीकडे यूट्यूबवरील लढती पाहून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कॅनडाच्या सैन्यात काम केलेले डेव्हन लॅरॅट यांच्यासारख्या खेळाडूंनी सरावाचे आणि डावांचे बारकावे तेथे मोकळेपणाने दाखवले आहेत, आणि ते नवख्यांच्या फार उपयोगी पडतात.

टेबल आणि नियम : उभ्याने खेळण्याचे टेबल सुमारे ४० इंच उंच असते. त्यावर प्रत्येकासाठी कोपराची एक चौकोनी गादी (सुमारे ७ इंच बाजू), मोकळ्या हाताने धरायची एक खुंटी आणि दोन्ही बाजूंस एकेक उंच टचपॅड असते. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंतचा कोणताही भाग टचपॅडला लागला की लढत संपते. पंच पकड लावून देतो तो क्षण नवख्याला सर्वांत लांब वाटतो. दोघांचे खांदे टेबलाच्या कडेशी समांतर हवेत, मनगटे सरळ हवीत, अंगठ्याची पेरे पंचाला दिसली पाहिजेत. कोणी चोरून थोडी पकड वाढवली तर पंच सगळे पुन्हा जुळवतो. मग ‘रेडी, गो’. कोपर गादीवरून उठले किंवा बाहेर गेले तर फाउल; दोन फाउल झाले की हार. आज्ञेआधी हात ओढला तर ताकीद. पकड सुटली तर पंच दोघांचे हात एकत्र पट्ट्याने बांधतो, आणि लढत त्या पट्ट्यात पुन्हा सुरू होते. घरी जिंकत आलेल्यांचे पहिल्या स्पर्धेतले पराभव पुष्कळदा अशा फाउलांनी होतात, म्हणून सरावात सुरुवातीपासून कोणीतरी पंच म्हणून उभे राहणे हिताचे.

डाव मुख्यतः तीन. ‘टॉपरोल’मध्ये समोरच्याची बोटे उघडून मनगट मागे पाडायचे. ‘हुक’मध्ये स्वतःचे मनगट आत वाकवून दोघांनी जवळून झुंजायचे. ‘प्रेस’मध्ये खांदा हाताच्या मागे आणून अंगाच्या भाराने ढकलायचे. नवख्याने पहिले काही महिने टॉपरोल शिकावा, कारण त्यात हाताचा ताबा आधी येतो आणि कोपरावरचा ताण तुलनेने कमी राहतो.

दुखापत : या विषयावर थोडे अधिक लिहिणे नोंदकाराला भाग वाटते, कारण गंभीर इजा नवख्यांनाही होते, आणि ती बहुतेक वेळा टाळता येते. पंजा लढवताना दंडाचे हाड (भुजास्थी) पिळाच्या रेषेत मोडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात विपुल आहेत. हाड मोडते ते त्याचा मधला आणि खालचा तृतीयांश भाग जेथे मिळतात त्या सुमारास. कारण असे : कोपर काटकोनात वाकलेले आणि टेबलावर रोवलेले असते. प्रतिस्पर्धी त्या खेळाडूचा कोपरापुढचा हात बाहेर फिरवत असतो, आणि खेळाडू छातीचे व खांद्याचे स्नायू आवळून दंड आत फिरवत असतो. हे दोन उलटे पीळ एकाच हाडावर येतात. त्यातच खेळाडूने हरू नये म्हणून शरीर हाताच्या पुढे वळवले, मान दुसरीकडे फिरवली आणि हात पाठीकडे राहिला, की दंडाला वळायला वाव उरत नाही. मग कोरडा फाटा मोडावा तसा आवाज होतो, आणि तो भोवतालच्यांनाही ऐकू येतो. माणूस पडत नाही. दुसऱ्या हाताने आपला दंड सावरून तसाच उभा राहतो, कारण काय झाले हे त्याला एकदम कळत नाही. त्याच भागात हाडाला लागून रेडियल मज्जातंतू जातो. त्याला धक्का बसल्यास मनगट लुळे पडते. बहुतेकांत ते महिन्यांच्या अवधीत सावरते. तेरा ते सोळा वयाच्या मुलांत हाड पक्के झालेले नसल्याने कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा सुटून येण्याचा धोका अधिक.

यावर खेळाडूंचा एकच पाठ आहे : हात डोळ्यांसमोर ठेवा. नाक, छाती आणि पंजा एका दिशेला राहिले तर पीळ हाडावर न येता संपूर्ण अंगावर विभागला जातो. हात मागे राहिलाच तर सोडून द्यावा. एका लढतीची हार काही मोठी नव्हे. धोक्याची स्थिती दिसताच खेळाडूंना इशारा देणे हे पंचाचे कर्तव्य असते. लग्नाच्या मांडवात किंवा पार्टीत मात्र पंच नसतो, आणि असे अस्थिभंग तेथेही होतात.

दुसरी इजा हळू येते. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि अस्थिबंध (हाडे परस्परांना जोडणारे पट्टे) यांना महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात रोज लढणाऱ्यांचे कोपर आतल्या बाजूने दुखू लागते ते यामुळे. आठवड्यातून एकदा वा दोनदा टेबल, आणि बाकीच्या दिवशी बोटे, मनगट व पुढचा हात यांचा हलक्या वजनाचा व्यायाम, हे प्रमाण नवख्यांसाठी योग्य मानले जाते.

भारतातील स्थिती : केरळ, आसाम, मेघालय, पंजाब, हरयाणा या राज्यांत हा खेळ जोमात आहे. चित्रपट-कलावंत परवीन डबास आणि प्रीती झंगियानी यांनी २०२० मध्ये प्रो पंजा लीग स्थापन केली. तिचा पहिला हंगाम २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नवी दिल्लीत झाला. सहा संघांत ‘मुंबई मसल’ हा महाराष्ट्रातील शहराचे नाव लावणारा संघ होता. विजेतेपद कोचीच्या संघाला मिळाले. महिला आणि दिव्यांग खेळाडू पुरुषांच्याच मंचावर लढताना दूरचित्रवाणीवर दिसले. दिव्यांग विभागात केरळचे जोबी मॅथ्यू आणि छत्तीसगडचे श्रीमंत झा यांनी आंतरराष्ट्रीय पदके मिळवली आहेत.

पहिली स्पर्धा : वजनगट, वयोगट आणि डावा-उजवा हात यांची वेगळी विभागणी असल्याने नवख्याला बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळणे सोपे जाते. जागतिक संघटनेत पुरुषांचे खुले गट ५५ किलोपासून ११० किलोच्या वरपर्यंत आहेत. १५ व १८ वर्षांखालील मुलांसाठी, तसेच चाळिशी, पन्नाशी आणि साठी ओलांडलेल्यांसाठी स्वतंत्र गट असतात. दोन पराभवांनंतर खेळाडू बाद होतो, म्हणजे पहिल्या लढतीत हरलेल्यालाही दुसरी संधी मिळतेच. पुष्कळ नवखे सकाळीच दोन्ही लढती हरतात. पण जुनी माणसे त्यांना घरी जाऊ देत नाहीत. बक्षिसे वाटून झाली की टेबले मोकळी होतात, आणि त्या दिवशीचा विजेता एकेकाला बोलावून त्याचा हात हातात घेतो, बोट कुठे धरायचे ते दाखवतो, ‘आता ओढ’ म्हणतो.