ग्रेट्स्कीला ट्रेड केलं का विकलं? जुन्या भांडणामागची गोष्ट

आइस हॉकीत कुठलाही मोठा ट्रेड झाला की फॅन्सचे लगेच दोन तट पडतात, कोणी कोणाला गंडवलं यावर, आणि थोडा वेळ गेला की कोणीतरी ८८ साल काढतंच. ९ ऑगस्ट १९८८, कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्सने आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला, वेन ग्रेट्स्कीला, लॉस एंजेलिस किंग्जला देऊन टाकलं. पस्तीस वर्षं उलटून गेली तरी त्यात फायदा कोणाचा झाला यावर लोक भांडतात. माझं मत आधीच सांगतो, हे भांडण मिटत नाही कारण सगळे त्याला ट्रेड म्हणतात, आणि तो ट्रेड नव्हताच मुळी.

ट्रेड म्हणजे काय तर खेळाडूचा करार उचलून दुसऱ्या टीमला द्यायचा आणि बदल्यात त्यांचे खेळाडू नाहीतर ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायचा त्यांचा नंबर (पिक) घ्यायचा. आता या डीलमध्ये काय काय होतं बघा. एडमंटनने दिले ग्रेट्स्की, मार्टी मॅक्सॉर्ली आणि माइक क्रुशेलनिस्की. मिळाले जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, १९८९, ९१ आणि ९३ चे पहिल्या राउंडचे तीन पिक्स, आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर रोख. हे शेवटचं नीट वाचा, कारण ते पैसे टीमला कमी आणि मालकाला जास्त हवे होते.

मालक म्हणजे पीटर पॉकलिंग्टन. त्याचा आणि ग्रेट्स्कीचा संबंध सुरूच झाला होता खरेदीने. १९७८ मध्ये ग्रेट्स्की १७ वर्षांचा, डब्ल्यूएचए नावाच्या दुसऱ्या लीगमध्ये इंडियानापोलिस रेसर्सकडे, आणि त्यांचा मालक नेल्सन स्कालबानिया कफल्लक व्हायला आलेला. आठ मॅचेस झाल्या आणि त्याने पोराला विकायला काढलं. किस्सा असा सांगतात की ग्रेट्स्की आणि आणखी दोघं खेळाडू छोट्या विमानात बसले तेव्हा विनिपेगला जायचं का एडमंटनला हेच ठरलेलं नव्हतं. गेले एडमंटनला. २६ जानेवारी १९७९, त्याचा अठरावा वाढदिवस, रिंकच्या मधोमध केक आणि २१ वर्षांचा करार, आणि तो करारही साधा टीमचा नाही तर पर्सनल सर्व्हिसेसचा, म्हणजे पोरगा पॉकलिंग्टनला बांधलेला. त्याच वर्षी डब्ल्यूएचए बंद पडून चार टीम एनएचएल या मुख्य लीगमध्ये आल्या, ऑइलर्स त्यातली एक, आणि याच करारामुळे ग्रेट्स्की ड्राफ्टमध्ये न जाता एडमंटनकडेच राहिला. थोडक्यात एडमंटनला देव मिळाला तो मालकाच्या नावाच्या कागदावर, आणि मालकाचा माल विकताही येतो, पण केक खाताना असलं कोण बघतंय.

पुढची दहा वर्षं माहीतच आहेत. ९२ गोलचा सीझन, २१५ पॉइंटचा (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) सीझन, आणि १९८४, ८५, ८७, ८८ असे चार स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची ट्रॉफी. शेवटच्या कपला गंमत झाली, बॉस्टनमध्ये स्कोअर ३-३ असताना लाइट गेली आणि मॅच सोडून द्यावी लागली, मग दोन दिवसांनी एडमंटनमध्ये मॅच झाली आणि ऑइलर्सनी घरच्या बर्फावर कप उचलला. ग्रेट्स्कीने सगळ्यांना हाका मारून बोलावलं, खेळाडू, कोच, सामान सांभाळणारे, सगळे बर्फावर कपाभोवती दाटीवाटीने बसले आणि फोटो काढला. आज प्रत्येक चॅम्पियन टीम असा फोटो काढते ती प्रथा तिथली. ऑइलर्सच्या जर्सीतली ती त्याची शेवटची मॅच ठरली.

जुलैमध्ये एडमंटनलाच त्याचं जॅनेट जोन्सशी लग्न झालं, अख्खं शहर रस्त्यावर, आणि महिन्याभरात डील. पॉकलिंग्टनला पैशाची गरज होती, २१ वर्षांच्या जुन्या कराराच्या जागी १९८७ मध्ये नवा करार झाल्यामुळे ग्रेट्स्की काही वर्षांत मोकळा होणार होता आणि तसा गेला असता तर हातात शून्य. धंदा म्हणून बघितलं तर माणूस चुकला असं म्हणता येत नाही. पण प्रेस कॉन्फरन्समध्ये सांगितलं काय, तर ग्रेट्स्कीनेच मागणी केली. जनरल मॅनेजर ग्लेन सॅदरने आधी त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, नको असेल तर आत्ता मोडतो. ग्रेट्स्की बोलायला उभा राहिला, टीममधल्या मार्क मेस्सिएला शब्द दिला होता रडणार नाही म्हणून, असं काहीतरी पुटपुटला आणि टिश्यू डोळ्याला लावला. कॅनडात तो टिश्यू लोक अजून विसरलेले नाहीत. पॉकलिंग्टनने नंतर वर हेही सुनावलं की पोरगा ॲक्टिंग चांगली करतो!

मग काय, पॉकलिंग्टनचे पुतळे जाळले, शिव्या जॅनेटलाही पडल्या (सून आली आणि घर मोडलं, हे लॉजिक फक्त आपल्याकडेच आहे असं नाही), आणि कॅनडातल्या एनडीपी पक्षाचा खासदार नेल्सन रीस याने तर सरकारने हा व्यवहार थांबवावा अशी मागणी केली. हसू येतं, पण मुंबई इंडियन्सने गुजरातकडून हार्दिक पांड्याला घेतलं आणि २०२४ मध्ये वानखेडेवर त्याची जी हुर्यो उडवली ती आठवा, आणि त्यातही गुजरातला बदल्यात एकही खेळाडू मिळाला नव्हता, नुसते पैसे.

आता हिशोब. एडमंटन जिंकलं म्हणणाऱ्यांचा हुकमी पत्ता १९९० चा कप, ग्रेट्स्की नसताना मिळवलेला. पत्ता खरा आहे पण तो नीट उलटून बघायला पाहिजे. कार्सन विशीतला पोरगा, आदल्या सीझनला किंग्जसाठी ५५ गोल केलेले, एडमंटनमध्ये आल्यावर ४९ केले, म्हणजे माल खोटा नव्हता. पण देवाच्या जागी आलेला माणूस म्हणून रोज मोजलं जायचं आणि ते त्याला झेपलं नाही, दुसऱ्या सीझनला चार मॅच खेळून टीम सोडून घरी बसला. मग सॅदरने त्याला डेट्रॉइटला देऊन जो मर्फी, ॲडम ग्रेव्हज, पेट्र क्लिमा वगैरे घेतले. जेलिना, ग्रेव्हज आणि मर्फी या पोरांची लाइन त्या वर्षी किड लाइन म्हणून गाजली. फायनलच्या पहिल्याच मॅचमध्ये बॉस्टनविरुद्ध तिसऱ्या ओव्हरटाइमला गोल मारला तो क्लिमाने, जो त्याआधी बहुतेक वेळ बेंचवर बसून होता. म्हणजे कप आणला तो सॅदरच्या दुसऱ्या ट्रेडने आणि मेस्सिएने. पहिल्या डीलचे तीन पिक्स? एक न वापरता पुढे न्यू जर्सीला दिला, एकातून मार्टिन रुचिन्स्की आला जो बरा खेळला पण दुसऱ्यांसाठी, आणि तिसऱ्यातला फारसा दिसलाच नाही. १९९१ मध्ये मेस्सिएही न्यू यॉर्क रेंजर्सला गेला. त्यानंतर एडमंटनकडे कप आलेला नाही, २००६, २०२४, २०२५ ला फायनलपर्यंत जाऊन हात हलवत परत.

किंग्जचं उलटं. पहिल्याच सीझनला ग्रेट्स्कीचे १६८ पॉइंट, आणि प्लेऑफमध्ये ३-१ ने मागे असताना सात मॅचमध्ये ऑइलर्सनाच घरी पाठवलं. (पुढच्या राउंडला कॅलगरीने किंग्जना ४-० ने धुतलं आणि कपही नेला, म्हणजे एडमंटनवाल्यांच्या जखमेवर शेजाऱ्यानेच मीठ चोळलं.) १५ ऑक्टोबर १९८९ ला गॉर्डी हाउचा १८५० पॉइंटचा रेकॉर्ड मोडायचा होता आणि मॅच नेमकी एडमंटनमध्ये. ५३ सेकंद उरलेले, किंग्ज एकने मागे, ग्रेट्स्कीने बॅकहँडने पक (खेळायची रबरी चकती) आत टाकला. रेकॉर्ड मोडला, मॅच बरोबरीत आली, आणि अख्खं स्टेडियम आपल्याच टीमविरुद्धच्या गोलवर उभं राहून ओरडतंय. वर ओव्हरटाइममध्ये जिंकवणारा गोलही त्यानेच मारला.

पण किंग्जला त्याच्या काळात कप मिळाला का? नाही. १९९३ ला फायनल गाठली, मॉन्ट्रियलकडून ४-१ ने हरले, आणि दुसरी मॅच जिंकत आलेली असताना नियमात न बसणाऱ्या स्टिकबद्दल पेनल्टी बसली ती ग्रेट्स्कीबरोबर आलेल्या मॅक्सॉर्लीलाच. लोक म्हणतात त्याच्यामुळे कॅलिफोर्नियात हॉकी रुजली, सॅन होजे १९९१ ला आणि ॲनाहाइम १९९३ ला आली, आणि ते मला पटतं, फक्त तो फायदा लीगचा, त्याला किंग्जच्या ट्रॉफीच्या कपाटात जागा नाही. किंग्जचा मालक ब्रूस मॅकनॉल, ज्याने ते दीड कोटी मोजले, तो पुढे बँकांना २३ कोटी डॉलरहून जास्त रकमेला फसवल्याच्या केसमध्ये तुरुंगात गेला. पॉकलिंग्टनलाही १९९८ मध्ये टीम विकायला लागली.

ग्रेट्स्कीचा ब्रॉन्झचा पुतळा मात्र एडमंटनने १९८९ मध्येच स्टेडियमबाहेर उभा केला, डोक्यावर कप धरलेला, अंगात ऑइलर्सची जर्सी. त्या वेळी तो किंग्जकडून खेळत होता.